फ्रीजचा वास काय सांगतो?



बचत गटांची समन्वयक म्हणून महिन्याला बऱ्याच बैठकांना जाणं होतं. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, सह्या-अंगठे झाले की खऱ्या गप्पा सुरू होतात. उन्हाळा लागला की त्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, फ्रीज उघडला की वास मारतोय. आत काय ठेवू?" मग एक म्हणते लिंबू ठेव. दुसरी म्हणते खायचा सोडा. तिसरी म्हणते चुलीतला कोळसा. एखादी तर उदबत्तीचा पुडाच ठेवून मोकळी झालेली असते.

आत काय ठेवायचं ते मी सांगणारच आहे. पण आधी आतून काय काढायचं ते बोलू. वास म्हणजे फ्रीजनं आपल्याला दिलेला निरोप असतो. निरोप न वाचताच त्याच्यावर अत्तर शिंपडलं, तर आपलंच नुकसान.

आधी एक गोष्ट पक्की करू या. फ्रीज अन्नातले जंतू मारत नाही, फक्त त्यांची वाढ मंदावतो. फ्रीजरमध्ये ते झोपल्यासारखे पडून राहतात, बर्फ वितळला की पुन्हा जागे होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं सांगितली आहेत. त्यांत एक सूत्र असं आहे की शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये आणि ते ५ अंशांच्या खाली थंड ठेवावं. आता आपला मे महिना आठवा. परभणीचा पारा ४४ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या खोलीत, भिंतीला चिकटून, गॅसच्या शेगडीशेजारी उभा असलेला फ्रीज आत ५ अंश कसा राखणार? त्यात वीज जाते-येते. आपल्या तालुक्यात येलदरीला धरणाच्या पाण्यावर वीज तयार होते खरी, पण म्हणून आपल्या घरचा दिवा कधी जात नाही असं काही नाही!

आता वासाकडे वळू. आपल्या मराठीत बिघडलेल्या अन्नासाठी किती शब्द आहेत बघा. दूध नासतं, वरण विटतं, पीठ आंबतं, तूप खवट होतं, पालेभाजी कुजते, मटण सडतं. आपल्या म्हाताऱ्या माणसांना नुसतं भगुण्याचं झाकण उचललं तरी कळायचं. तेच आपण फ्रीजच्या बाबतीत करायचं. दार उघडायचं आणि आधी वासाचं नाव ठरवायचं.

आंबूस वास आला तर दूध, ताक, वरण किंवा इडली-डोशाचं पीठ सांडलेलं असणार. बहुतेक वेळा ते भाजीच्या ट्रेच्या खाली किंवा काचेच्या कडेला वाळून बसलेलं असतं. वरून दिसत नाही.

कुजकट वास आला तर माळव्याचा ट्रे उपसा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली कोथिंबीर, मेथी, पालक तळाशी काळी पडून पाणी सोडते. मटण-मासळी ठेवत असाल तर तिचं रक्ताचं पाणी गळलंय का तेही बघा.

कुबट वास म्हणजे ओल आणि बुरशी. दाराच्या रबराच्या घड्या बघा. आतल्या मागच्या भिंतीला खाली पाणी जायचं बारीक भोक असतं, ते तुंबलंय का बघा. आणि फ्रीजच्या मागच्या बाजूला खाली, कॉम्प्रेसरजवळ पाण्याचा ट्रे असतो. हा ट्रे बऱ्याच जणींनी फ्रीज घेतल्यापासून पाहिलेलाच नसतो. त्यात पाणी साचून नुसता वास येत नाही, डेंग्यूचा डासही त्यात अंडी घालतो. म्हणून तो ट्रे आठवड्याला रिकामा करून घासून कोरडा करायचा.

खवट वास असेल तर जुनी साय, लोणी, दाण्याचा कूट, किसलेलं खोबरं, कारळाची किंवा जवसाची चटणी, यांतलं काहीतरी जास्त दिवस राहिलेलं आहे.

उग्र वास असेल, म्हणजे कापलेला कांदा, लसूण, ठेचा, सुकट, तर काही बिघडलेलं असेलच असं नाही. नुसतं उघडं राहिलंय. पण तेही हलक्यात घेऊ नका. दूध, साय, लोणी हे पदार्थ शेजारचा वास पटकन धरतात. आमच्या एका गटातल्या ताई साय साठवून तूप विकतात. एकदा त्यांच्या तुपाला कांद्याचा वास लागला आणि गिऱ्हाईक डबा परत घेऊन आलं. तूप चांगलं होतं, कढवलंही नीट होतं. सायीच्या भांड्याला झाकण नव्हतं आणि शेजारी अर्धा कांदा होता, एवढंच. पंधरा दिवसांची साय आणि एक गिऱ्हाईक गेलं.

आणि जळका वास आला, वायर जळल्यासारखा, तर सोडा-लिंबाचा विचारही करू नका. बटण बंद करा, प्लग काढा, मिस्त्रीला बोलवा.

आता साफसफाई. ती क्रमानं करा.

पहिलं काम, प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून ओल्या हातानं आत काम करायचं नाही.

दुसरं, सगळं सामान बाहेर काढायचं. प्रत्येक डबा उघडून ठरवायचं की हे राहणार का जाणार. "बघू नंतर" म्हणून एकही वाटी परत आत जाऊ द्यायची नाही. दूध-दही तेवढ्या वेळात पाण्याच्या परातीत ठेवा, वर ओलं फडकं टाका आणि हात जरा लवकर चालवा.

तिसरं, बर्फ. फ्रीजरमध्ये बर्फाचा थर चढला असेल तर तो आपोआप वितळू द्या. सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर लावून खरवडू नका. त्या पत्र्यातच गॅसची नळी असते. ती फुटली तर फ्रीज गेला, दुरुस्तीचा खर्च अंगावर आला. शिवाय बऱ्याच नव्या फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो. फ्रीजरमध्ये कोमट पाण्याचं भांडं ठेवलं की बर्फ लवकर सुटतो. खाली जुनं फडकं अंथरा.

चौथं, सुट्टे भाग. ट्रे, जाळ्या, अंड्यांचा साचा साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा. काचेची फळी मात्र थंडगार असताना गरम पाण्यात घालू नका, तडकेल. आधी थोडा वेळ बाहेर ठेवा.

पाचवं, आतला भाग. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घाला आणि त्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं सगळीकडून पुसा. छत, कोपरे, दाराचे कप्पे, सगळं. रबराच्या घडीत जुना दात घासायचा ब्रश फिरवा. पाण्याच्या भोकात एखादी जाड, बोथट काडी हलकेच फिरवून मग थोडं सोड्याचं पाणी सोडा. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसून कोरडं करा. कोरडं करणं विसरू नका, ओल राहिली की कुबट वास पुन्हा हजर.

सहावं, दार उघडं ठेवून तास-दोन तास हवा लागू द्या. लहान लेकरं घरात असतील तर तिथंच बसा.

एवढं केल्यावर बहुतेक फ्रीजचा वास जातोच. थोडा उरला तर मग आपला सोडा. उथळ वाटीत, पसरून, उघडा ठेवा. बंद पुडीत ठेवून उपयोग नाही, हवा त्याला लागायला पाहिजे. लाकडी कोळसाही चालतो. त्याला बारीक छिद्रं असतात, वास त्यात अडकतो. तो कोरडा आणि राख झटकलेला असावा. लिंबाची फोड ताजा वास देते, पण तीच दोन-चार दिवसांत सुकून बुरसटते, तेव्हा ती बदलत राहा.

फ्रीजमध्ये कधीही घालायच्या नाहीत अशाही काही वस्तू आहेत. डांबर गोळ्या नाहीत, त्या विषारी असतात आणि त्यांचा वास अन्नात उतरतो. फिनाईल नाही. उदबत्ती, अत्तर नाही. आणि संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कुठंही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, छातीला घातक असतो.

फ्रीजर बंद पडून आत मटण किंवा मासळी सडली असेल तर एका धुण्यात वास जात नाही. दोन-तीनदा धुवा, एक-दोन दिवस दार उघडं ठेवून वाळवा. मग आत चुरगळलेले वर्तमानपत्राचे कागद आणि कोळसा भरून दार लावा. कागद रोज बदला. एवढं करूनही वास राहिला तर तो भिंतीच्या आतल्या फोममध्ये मुरलाय असं समजा. अशा फ्रीजमध्ये निदान दूध आणि साय तरी ठेवू नका.

आता वीज गेल्यावर काय करायचं? पहिला नियम, दार उघडायचं नाही. "अजून थंड आहे का बघू" म्हणून दर अर्ध्या तासानं दार उघडलं की थंडावा निघून जातो. दार बंद ठेवलं तर साधारण ४ तास आत थंडावा टिकतो असा हिशेब सांगतात. भरलेला मोठा फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास टिकतो असंही सांगतात. पण हे हिशेब वेगळ्या, घट्ट दाराच्या मोठ्या फ्रीजरचे आहेत. आपल्याकडच्या एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीजर म्हणजे आतलाच छोटा कप्पा. त्यावर आणि आपल्या उन्हाळ्यात इतका भरवसा ठेवू नका.

लग्नाला, यात्रेला चार दिवस बाहेर गेलात आणि मागं वीज किती वेळ गेली ते कळलं नाही, तर एक सोपी युक्ती आहे. जाण्याआधी स्टीलच्या वाटीत पाणी घालून बर्फ होऊ द्या आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ वितळला नाही. नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर सगळं वितळून पुन्हा गोठलंय. मग मटण-मासळी कितीही कडक दिसली तरी ती टाकायची.

आपल्या भागातून ऊसतोडीला, पुण्याकडे कामाला चार-सहा महिने जाणारी घरं आहेत. त्यांनी फ्रीज रिकामा करावा, धुवून कोरडा करावा, प्लग काढावा आणि दार किंचित उघडं राहील असं मध्ये फडकं अडकवून दोरीनं बांधून ठेवावं. म्हणजे हवा खेळते आणि लेकरांना ते दार उघडून आत शिरता येत नाही. बंद फ्रीज दार लावून ठेवला तर परत आल्यावर आत बुरशीच भेटते.

मैत्रिणींनो, इथवर वासाचं झालं. आता ज्याला वासच येत नाही त्याच्याविषयी बोलते. आपलं नाक हुशार आहे, पण सगळं त्याला कळत नाही. आजारी पाडणारे कितीतरी जंतू अन्नाचा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. आपला फोडणीचा भातच घ्या. रात्रीचा भात रात्रभर चुलीपाशी उघड्यावर राहिला तर त्यात एक प्रकारचे जंतू वाढून विष तयार करू शकतात. सकाळी कितीही कडक फोडणी दिली तरी ते विष उष्णतेनं जात नाही. म्हणून भात उरला तर तो परातीत पसरून लवकर गार करायचा आणि दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवायचा. लिस्टेरिया नावाचा एक जंतू तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि गरोदर बाईला, पोटातल्या बाळाला त्याचा धोका जास्त असतो.

हे मी मुद्दाम सांगते, कारण घरात शिळं कोण खातं? परवाचं वरण आपण नवऱ्याला वाढत नाही. लेकरांना तर नाहीच. सासऱ्यांपुढे ठेवायचं धाडस नाही. टाकवतही नाही, कारण तूर काय भावानं आली ते आपल्याला माहीत असतं. मग आपण म्हणतो, "राहू द्या, मी खाते." बाळंतीण असो, गरोदर सून असो, दिवसभर कापूस वेचून आलेली बाई असो, शेवटची वाटी तिचीच.

पूर्वी फ्रीज नव्हता तेव्हा निकाल सकाळीच लागायचा. रात्रीचं उरलेलं सकाळी खाल्लं जायचं, नाहीतर गोठ्यात जायचं. फ्रीज आल्यापासून आपण तो निकाल पुढं ढकलायला लागलो. वाटीभर कोरड्यास, अर्धी दशमी, चार चमचे आमटी आत सरकवायची आणि दार लावायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी तिथून वास यायला लागतो. मग आपण सोडा शोधतो. म्हणजे वास येतो तो बऱ्याचदा आपण पुढं ढकललेल्या निकालाचा.

परदेशात उरलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चालतं असं सांगतात. ते चोवीस तास वीज आणि नीट थंडावा धरून. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संपवा, आणि ते सगळ्यांच्या ताटात वाटून संपवा. चांगलं असेल तर ते सगळ्यांना चांगलं. बाकीच्यांना चालणार नाही असं वाटत असेल, तर ते तुम्हालाही चालत नाही. वाटीभर वरणाची किंमत दहा-वीस रुपये. जुलाब-उलट्या लागल्या तर दवाखाना, सलाईन आणि बुडालेली मजुरी, हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडता.

विक्रीसाठी पदार्थ करणाऱ्या गटांना दोन गोष्टी सांगते. पनीर, खवा, दही, पीठ, जे काही विकायचं असेल त्यासाठी फ्रीजमधला वरचा एक कप्पा वेगळा ठेवा. कच्चं मटण, अंडी सगळ्यांत खाली, झाकलेली. डब्यावर कागद चिकटवून तारीख लिहा. पाठ करण्यावर भिस्त ठेवू नका. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि त्याप्रमाणे घरगुती छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. पण कायद्याआधी गिऱ्हाईकाचं नाक असतं. एकदा ते नाक मुरडलं की गटाचं नाव परत मिळवायला वर्ष लागतं.

आणि कुणाच्या घरी साखरेच्या आजारासाठी इन्सुलिन असेल तर ते दारात किंवा फ्रीजरजवळ ठेवू नका. न उघडलेली बाटली मधल्या कप्प्यात, डब्यात झाकून ठेवा. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं.

शेवटी एक सवय लावून घ्या. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दहा मिनिटं काढा. नवं माळवं यायच्या आधी फ्रीजमधलं सगळं एकदा बाहेर काढा, ओल्या फडक्यानं पुसा, दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून बघा. कागद सहज निघाला तर रबर सैल झालंय, बदलायला हवं. जे उरलंय त्याची त्या संध्याकाळी सगळ्यांसाठी मिसळीची भाजी करा. आणि हे काम एकटीनं करू नका. घरातल्या पोरांना, आणि हो, घरधन्यालाही बोलवा. फ्रीज उघडून "काही खायला आहे का" विचारायला सगळे येतात, तर तो पुसायलाही येऊ द्या.

पुढच्या बैठकीला कुणी विचारलं की "आत काय ठेवू", तर तिला आधी विचारा, "वास कसला येतोय गं?" तिथून बोलणं सुरू करा. भेटू या. नमस्कार.